आत्तीचा डवला

दरवर्षी सुगी आली की आधी माझं पोट जळायला लागतं, आणि मग माझ्या लक्षात येतं की सुगी आली. शाळा सुटल्यावर रामनगरच्या बाजारातून घरी येताना एखादी बाई शेजारून जाते. तिच्या लुगड्याला नुकत्याच कापलेल्या भाताचा वास असतो, ओलसर, हिरवट, थोडा चिखलाचा. तेवढ्यानेच माझ्या बरगड्यांच्या खाली, अगदी मधोमध, निखारा पेटतो. इतरांना म्हणे असल्या वासाने माहेर आठवतं. मलाही आठवतं. पण माहेराच्या ओसरीवर मला एक बाई बसलेली दिसते, आणि तिचा सूड घ्यायचा राहिलाय हे आठवतं.

यंदा तो मी घेतला.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. अणशीच्या रस्त्यावरून आत वळून दोन ओढे ओलांडले की आमची दहाबारा घरं लागतात. त्यातलं शेवटचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं घर आमचं, म्हणजे खरं तर तिचं. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि ती परत आली ती चुलीचा ताबा घ्यायलाच. उंच, काटकुळी, कपाळावर गोंदण, आणि हातात डवला. नारळाच्या करवंटीला वेळूचा दांडा बसवलेला तो डवला तिच्या हातात नाही असं मी लहानपणी कधी पाहिलं नाही. त्याने ती पेज ढवळायची, त्यानेच वाढायची, त्याच्या दांड्याने आमच्या पाठी शेकायची, आणि त्यानेच चव बघायची. डवला तोंडाला लावायचा, सुर्र करून एक घोट घ्यायचा, डोळे मिटून जरा थांबायचं, आणि उरलेलं परत भांड्यात ओतायचं. आमच्या घरात कुठलाही पदार्थ तिच्या तोंडाला लागल्याशिवाय कुणाच्या पानात पडला नाही.

एरवी उष्ट्याचा केवढा बाऊ होता तिला. शेजारच्या मुलीने चावलेला पेरू मी खाल्ला तर ती मला ओढ्यावर नेऊन चूळ भरायला लावायची. आईने नव्या नवरीच्या वयात एकदा भीत भीत विचारलं होतं, की वन्सं, भांड्यात परत ओतलेलं उष्टं होत नाही का? त्यावर आत्ती म्हणाली होती, “घरच्या थोरल्या बाईचं उष्टं व्हत न्हाई.” हा नियम तिला कुणी सांगितला देव जाणे. पण तो आमच्या घरात चालला, आणि घरात चालला म्हणून वाडीतही चालला.

कारण सुगीत घर आणि वाडी असं वेगळं काही उरायचं नाही. आमच्याकडे भात सावडीने कापतात. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या, आणि ज्याचं शेत त्याच्याकडे जेवण. सकाळचं धुकं विरायच्या आत विळे चालू व्हायचे, खस्स खस्स खस्स, आणि कापलेल्या सडांवर पाय टोचून घेत आम्ही पोरं पेंढ्या गोळा करायचो. अंगाला भाताची कुसळं लागून खाज सुटायची, चतुर डोक्यावरून फिरायचे. मग बांधावरच्या आंब्याखाली पेजेचं मडकं यायचं, सोबत उकडलेले कंद, मिठात मुरलेली कैरी. सगळे ओळीने बसायचे. आत्ती पहिला घोट स्वतः घ्यायची, मान हलवायची, आणि तोच डवला घेऊन ओळीने निघायची. काहीजण वाटी पुढे करायचे, काहीजण थेट डवल्यालाच तोंड लावायचे. मीही लावलंय. त्या पेजेची चव मला आजही जगातल्या कुठल्याही पेजेपेक्षा चांगली वाटते, याचाही मला राग येतो.

बाबांचं दुखणं सुगीतच वाढायचं. कापता कापता ते मध्येच ताठ उभे राहायचे आणि बरगडीखाली मूठ दाबून धरायचे. चेहरा राखेसारखा. मग कनवटीतली सोड्याची पुडी काढून चिमूटभर तोंडात टाकायची, ढेकर द्यायची, आणि पुन्हा वाकायचं. दुखणं जडलं तेव्हा मी तिसरीत होते. गुन्हेगार शोधायला आत्तीला एक दिवससुद्धा लागला नाही. माझी आई खानापूरकडची. तिकडची जेवणं झणझणीत. तिने येताना स्वतःचा खलबत्ता आणला होता, त्यात ब्याडगी मिरची आणि लसूण कुटून ती चटणी करायची. आत्तीने तो खलबत्ता उचलून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि सगळ्या वाडीला सांगितलं, की ह्या पोरीच्या मिरचीनं माझ्या भावाचं पोट जाळलं.

त्या दिवसापासून आईच्या वाट्याला गोठा, सरपण आणि पाणी आलं. चूल गेली. बाबा आत्तीच्या पानात जेवू लागले, एकाच पानात, आणि मिरची चुकून राहिली नाही ना हे बघायला आत्ती प्रत्येक पदार्थाचा पहिला घास स्वतः खायची. आमटीत बोट बुडवायची, बोट चाटायची, मग त्याच हाताने भात कालवून त्यांच्यापुढे सरकवायची. मिरची कधीच सापडली नाही. दुखणंही थांबलं नाही. तेव्हा ती म्हणाली की आधीची मिरची अजून आत आहे. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? बाबा भांडले नाहीत. खाली मान घालून जेवले. त्यांच्यावरही मी रागावलेली आहे, पण मेलेल्या माणसावर रागावून हाती काही लागत नाही.

एक गोष्ट मला सांगायची नाही, तरी सांगते. बाबा रांगत होते तेव्हा आजी गेली. आत्ती तेव्हा नऊ वर्षांची होती. घरात दुसरी बाई नव्हती. तिने एकदा घाईत त्यांना गरम पेज पाजली आणि त्यांचं तोंड भाजलं. चार दिवस मूल काही गिळेना, नुसतं रडायचं. तेव्हापासून ती सगळं आधी स्वतःच्या तोंडाला लावून बघू लागली. भात चावून, मऊ करून, मग त्यांच्या तोंडात. हे मला आईनेच सांगितलं होतं, आत्तीची बाजू घेऊन. मला ते ऐकून आत्तीची दया यायला हवी होती. थोडी आलीही. मग बाबांच्या बाराव्याचा दिवस आठवला आणि गेली.

मध्ये एक वर्ष बाबा बरे होते. कुणाच्या तरी सांगण्यावरून शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी मूठभर गोळ्या दिल्या, आणि आठवडाभरात जळजळ थांबली. उरलेल्या गोळ्या बाबांनी कोनाड्यात ठेवून दिल्या. त्या सुगीत त्यांनी विळा खाली न ठेवता अख्खा वाफा कापलेला मी पाहिला आहे. वाडीने श्रेय आत्तीच्या बिनमिरचीच्या आमटीला दिलं. पुढच्या वर्षी निखारा परत आला. आणि बारा वर्षांपूर्वी, आमच्याच शेताची कापणी असताना, भर दुपारी बाबा बांधावर बसले आणि काळी ओकारी झाली, भिजवलेल्या कॉफीच्या चोथ्यासारखी. मी तेव्हा शिकायला बाहेर होते. जीप मिळवून त्यांना कारवारच्या वाटेला लावलं, पण अणशीच्या घाटातच ते गेले.

बाराव्याला सगळी वाडी पानावर बसलेली असताना आत्ती उठून उभी राहिली. आई वाढायला भाताची परात घेऊन आली होती. आत्तीने तिच्या हातातली परात काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “ह्या हातानं माझा भाऊ खाल्ला. ह्या हातचं कुणी खाऊ नगासा.”

आईने हात मागे घेतले, पदराला पुसले आणि गोठ्यात गेली. त्यानंतर बारा वर्षं, कुणाच्याही सुगीत, तिने वाढायला हात पुढे केला नाही. सावडीला ती जायची, सगळ्यांइतकंच कापायची, पण जेवणाच्या वेळी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून लांब राहायची. मला एवढंच हवं होतं की माझी आई मरायच्या आत पुन्हा एकदा पंगतीत वाढताना दिसावी, आणि तिला बाजूला करणारी बाई तिच्या जागी बसलेली दिसावी. दोन्ही हवं होतं. नुसतं पहिलं मिळालं असतं तर मला पुरलं नसतं.

या पावसाळ्यात माझं स्वतःचंच पोट असं जळू लागलं की फळ्यासमोर उभं राहवेना. मी तर आयुष्यात मिरचीला शिवले नव्हते. आईच्या हातची मिरची नको असं पोरवयातच डोक्यात बसलं होतं, म्हणजे आत्तीने मलाही फितवलं होतंच. बेळगावला डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की जठरात व्रण आहे आणि त्यामागे एक जंतू आहे. हा जंतू पोटातल्या आम्लात मजेत राहतो, अस्तराला चिकटून. कितीतरी लोकांच्या पोटात असतो, बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. काहींना व्रण होतो.

कुठून आला, मी विचारलं. त्या म्हणाल्या, माणसाकडून माणसाकडे. थुंकीतून, उलटीतून, शौचानंतर न धुतलेल्या हातातून, घाण पाण्यातून. बहुतेकदा लहानपणी आणि घरातल्याच कुणाकडून, एका चमच्याने खाल्लं, चावून भरवलं, असं काहीतरी. आणि मिरची? त्या हसल्या. म्हणाल्या, व्रणावर झोंबेल, पण व्रण मिरचीने होत नाही. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले. त्यांना वाटलं आजाराला घाबरले. मला दिसत होता तो डवला, भांड्यातून तोंडाला आणि तोंडातून भांड्यात.

मी त्यांना बाबांचं सगळं सांगितलं आणि विचारलं, म्हणजे माझ्या आत्यानेच दिला ना? तेव्हा त्या डॉक्टर झाल्या. म्हणाल्या, असं नक्की नाही सांगता येत. तुमच्या आत्याच्या पोटात तो आहे की नाही हे तपासल्याशिवाय कसं कळणार? तो तुमच्या आजीकडून आला असेल, ओढ्याच्या पाण्यातून आला असेल. बाबांनी गोळ्या अर्ध्यात सोडल्या असतील तर जंतू कधी पुरता गेलाच नसेल. आणि अंगदुखीच्या गोळ्या खायचे का ते? खायचे. कुळगीकडे जंगलखात्याच्या रोजावर जाऊन कंबर धरायची तेव्हा, आणि सुगीत तर रोज. मग त्यानेही रक्तस्राव होतो, त्या म्हणाल्या. शेवटी मला चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, पुऱ्या घ्या. घरात कुणाला त्रास असेल तर तपासायला आणा, आत्यांनासुद्धा. औषधाने जातो हा जंतू, घाबरण्यासारखं काही नाही.

घरी येऊन मी मुलीसाठी खिचडी केली. चमचा तोंडाला लावून मीठ बघितलं आणि तोच चमचा पातेल्यात घातला. हात तिथल्या तिथे थांबला. शहाण्या माणसाला इथे काहीतरी उमगलं असतं. मला आत्तीचा दुप्पट राग आला.

कार्तिकात आमच्या शेताची पाळी ठरल्याचा निरोप आला तेव्हा मी रजा टाकली आणि बस धरली. खिडकीशी बसून वाक्य घोटत होते. किती वेळा घोटलं असेल. प्रत्येक वळणावर ते आखूड आणि धारदार होत गेलं. डॉक्टरीणबाईंचं ‘नक्की नाही सांगता येत’ मी पहिल्याच घाटात टाकून दिलं. कोनाड्यातल्या गोळ्या दुसऱ्या वळणावर. अंगदुखीच्या गोळ्या, आजी, ओढा, सगळं एकेक करून सोडलं. गावच्या फाट्याला उतरले तेव्हा माझ्याजवळ फक्त आत्ती उरली होती. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आंब्याखाली बसले. आत्ती आता ऐंशीच्या घरात. पाठीला पोक, तोंडात दात नाही, पण मडक्याशी तीच. आई नेहमीप्रमाणे लांब, बैलांपाशी. पहिलं मडकं वाढून संपलं होतं. दुसऱ्या मडक्यातून आत्तीने डवला भरला, तोंडाला लावला, घोट घेतला आणि उरलेलं मडक्यात ओतायला हात वळवला.

मी म्हणाले, “आत्ती, डवला खाली ठेव.”

मग सगळं सांगितलं, शांतपणे, वर्गात सांगते तसं. जंतू काय असतो, कसा पोटात राहतो, कसा तोंडातून तोंडात जातो. मिरचीने काहीही होत नाही, हे दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाले की बाबांच्या पोटात तो तुझ्या तोंडातून गेला, माझ्याही गेला, आणि माझ्या आईने कुणाला खाल्लेलं नाही. समोर बसलेल्या, शेजारच्या सोमाकाकांच्या तोंडात पेजेचा घोट होता. तो गिळावा की थुंकावा हे न कळून ते गाल फुगवून तसेच बसले. एरवी मी हसले असते.

मला वाटलं होतं आत्ती भांडेल. मला शिव्या देईल, आईला देईल, आणि मग मी घाटभर घोटलेली बाकीची वाक्यं वापरीन. तिने तसं काही केलं नाही. मिरचीवर जसा एका दिवसात विश्वास ठेवला होता तसाच यावरही ठेवला. डवल्याकडे बघत राहिली.

“त्याच्या पोटात माझ्या तोंडातनं गेलं म्हणतीस?”

“व्हय.”

“म्हंजे तो जळत व्हता, तवा मीच त्याला घास देत व्हते.”

ती एवढंच बोलली. डवला पत्रावळीवर आडवा ठेवला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठली आणि घराकडे चालू लागली. कुणी तिला थांबवलं नाही. सोमाकाकांनी बाजूला जाऊन घोट थुंकला. एका बाईने विचारलं, मग आमच्या बी पोटात असंल काय? मी म्हटलं, असेल. ती आत्ती गेली त्या वाटेकडे असं काही बघू लागली की मला पुढे काही करायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशीही कापणी आमच्याच शेतात होती, आणि स्वयंपाक आईने केला. खलबत्ता गोठ्यातून मी स्वतः आणला आणि राखेने घासला. मिरची कुटताना आईला ठसका लागला, मलाही लागला, आणि आम्ही दोघी नाक पुसत हसलो. तिने पंगतीत वाढलं. पहिल्या पानात तिने चिमूटभरच वाढलं, तिसऱ्या पानापासून हात सैल सोडला. लोक हाशहुश्श करत जेवले, डोळ्यातून पाणी काढत, आणखी मागत. मी आंब्याला टेकून बघत होते. इतका आनंद मला मुलगी झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. आत्ती पंगतीला आली नाही. तिने स्वतःची जर्मनची थाळी आणि पेला वेगळा काढला होता आणि गोठ्याच्या कडेला बसून होती. तिला तसं बस म्हणून कुणीही सांगितलं नव्हतं. वाडीतल्या बायका पाणी भरायला जाताना तिच्यापासून दोन हात लांबून वळत होत्या.

संध्याकाळी ओढ्यावर आई आणि मी भांडी घासत होतो. आई पेंढ्याचा बोळा घेऊन मडक्याचा तळ घासत होती. मान वर न करता तिने विचारलं.

“डॉक्टरीण नक्की म्हनली काय गे, वन्संमुळंच झालं म्हणून?”

“नक्की,” मी म्हणाले.

आईने मडकं पाण्यात बुडवलं, विसळलं, उपडं केलं.

“माझ्या येळेला बी सगळ्यास्नी नक्कीच ठावं व्हतं,” ती म्हणाली.

मग भांडी घेऊन वर गेली. मी जरा वेळाने मागोमाग गेले तर ती आत्तीसमोर उकिडवी बसून तिच्या थाळीत भात वाढत होती, आणि आत्ती पदर तोंडावर धरून, आपला श्वास आईला लागू नये म्हणून, मान फिरवून बसली होती.

मी रामनगरला परत आले. माझ्या गोळ्या पुऱ्या झाल्या, जळजळ गेली, मी मिरची खायला शिकते आहे. वाडीत आत्तीच्या शेजारच्या घरात फोन आहे. आत्तीला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत, की नक्की काहीच नाही, आणि असलंच तरी चौदा दिवसांत जातं. रोज शाळेतून आल्यावर फोन हातात घेते आणि परत ठेवते. आईला तिने बारा वर्षं तिथे बसवलं होतं. आत्तीला बसून अजून महिनासुद्धा झालेला नाही.